छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

शहरांत स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी कुटुंबांचें गांवाशीं असलेलें नातें आतां सातबाऱ्याच्या उताऱ्यावरील एका नांवापुरतें उरलें आहे. जमीन धाकटा भाऊ किंवा चुलतभाऊ कसतो. दिवाळीस पोतेंभर धान्य येतें, उन्हाळ्यांत द्राक्षांची एखादी पेटी येते, आणि वर्ष सरतें. मग एके दिवशीं गांवाहून फोन येतो : ‘दादा, औंदा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय. बँकेंत तुमची सही लागंल.’ बोजा चढावयाचा असतो तो सामाईक जमिनीवर. हप्ते फेडावयाचे असतात ते पुढचीं पांच-सात वर्षें. आणि सही करणाऱ्या थोरल्या भावास ह्या यंत्राविषयीं एवढेंच ठाऊक असतें कीं, कांहीं ट्रॅक्टर तांबडे असतात, कांहीं नारिंगी आणि कांहीं हिरवे. भावास ‘नाहीं’ म्हणवत नाहीं, आणि ‘हो’ म्हणावें तर कशाच्या आधारावर, हेंहि कळत नाहीं. अशा घरांसाठीं हा विषय थोडा उलगडून पाहणें इष्ट होईल.

‘छोटा’ म्हणजे किती छोटा, हें आधीं ठरविलें पाहिजे. नांगरट, ऊसवाहतूक, मळणी ह्या कामांसाठीं महाराष्ट्रांत जो ट्रॅक्टर रूढ झाला आहे, तो ४० ते ५० अश्वशक्तींचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेंत ‘एच्. पी.’चा असतो व त्याचें वजन दोन टनांच्या आसपास भरतें. ज्यास बाजारांत ‘मिनी’ किंवा ‘बागेचा ट्रॅक्टर’ म्हणतात, तो साधारणपणें १५ ते ३० अश्वशक्तींचा, आणि वजनानें सहाशें-सातशें किलोंपासून सव्वा टनापर्यंत. ह्या वर्गास मागणी येण्याचें कारण यंत्रापेक्षां जमिनींतच अधिक आहे. कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत वहितीच्या एका खात्यामागें सरासरी जमीन १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ सालीं ती १.३४ हेक्टरांवर आली. साडेदहा एकरांचें शेत दोन पिढ्यांत सव्वातीन एकरांचें झालें. एवढ्या तुकड्यांत बारा महिने बैलजोडी पोसणें परवडत नाहीं आणि मोठा ट्रॅक्टर तर बांधावर वळतांनाच निम्मा वेळ घालवितो. बागायतदाराची अडचण आणखी निराळी. द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचें अंतर असलें तरी मांडवाची उंची, लोंबणारे वेल, खालीं पसरलेल्या ठिबकच्या नळ्या हें सारें सांभाळून जावयाचें म्हणजे यंत्र अरुंद आणि बुटकेंच हवें.

हलका ट्रॅक्टर जड काम करूं शकतो, ह्याचें श्रेय हॅरी फर्ग्युसन ह्या आयरिश यंत्रज्ञाकडे जातें. त्याच्या पूर्वीं नांगर ट्रॅक्टरामागें गाडीसारखा जोडीत. चाकांना जमीन धरतां यावी म्हणून ट्रॅक्टर वजनदार करावा लागे, आणि फाळ खडकांत अडकला तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकावर उलटण्याची भीति असे. फर्ग्युसननें नांगर तीन दांड्यांनीं ट्रॅक्टराच्या पाठीशीं जखडला आणि तेलाच्या दाबानें तो वर-खालीं होईल अशी योजना केली. त्यामुळें नांगराच्या ओढीचा कांहीं भाग मागच्या चाकांवर भार म्हणून पडूं लागला. लोखंडाचें वजन न वाढवितां चाकांची पकड वाढली. हेन्री फोर्डच्या कारखान्यांतून हा ट्रॅक्टर १९३९ सालीं बाहेर पडला, आणि आज निफाडच्या बागेंत फिरणाऱ्या अत्यंत लहान ट्रॅक्टराच्या पाठीशींहि तेच तीन दांडे असतात. पुढें जपानांत भाताच्या लहान खाचरांसाठीं ही कल्पना आणखी आटोपशीर करण्यांत आली. कुबोटा कंपनीनें आपला पहिला ट्रॅक्टर १९६० सालीं काढला आणि १९६९ सालीं २१ अश्वशक्तींचा लहान ट्रॅक्टर अमेरिकेंत नेऊन विकला. विस्तीर्ण शेतांच्या त्या देशांत एवढ्याशा यंत्रास गिऱ्हाईक मिळालें, ही गोष्ट तेथील बड्या कंपन्यांनाहि विचार करावयास लावणारी होती.

आपल्या बाजारांत आज जे छोटे ट्रॅक्टर दिसतात, त्यांचीं घराणीं ढोबळ मानानें दोन आहेत. एक जपानी वळणाचें : तीन सिलिंडरांचें, वेगानें फिरणारें, गुळगुळीत चालणारें इंजिन आणि चारी चाकांना गति. कुबोटाचे ‘निओस्टार’ ह्याच घराण्यांतले. बंगळूरच्या व्ही. एस्. टी. कंपनीनें १९६७ सालापासून मित्सुबिशीच्या सहकार्यानें काम चालविलें. तिचा साडेअठरा अश्वशक्तींचा ‘शक्ति’ महाराष्ट्रांतील बागांत बराच जुना आहे. महिंद्रांनीं २०२३ सालीं पुढें आणलेली ‘ओजा’ मालिकाहि जपानांतील मित्सुबिशी-महिंद्र कंपनीच्या साहाय्यानें तयार झाली. दुसरें घराणें देशी वळणाचें : एक किंवा दोन मोठीं सिलिंडरें, मंद व भरदार चाल, कमी कळा, कमी किंमत. महिंद्रांचा ‘युवराज’ आणि ‘स्वराज ७१७’ हे दोन्ही १५ अश्वशक्तींचे, एका सिलिंडराचे ट्रॅक्टर ह्यांत मोडतात. ह्या दोघांच्या जाहिराती गांवच्या बाजारांत समोरासमोर लागतात आणि त्यांच्या अनुयायांत वादहि जुंपतात. स्वराज ही पंजाबांत १९७० सालीं निघालेली कंपनी २००७ सालीं महिंद्रांकडे गेली, तेव्हां भांडणारे दोघेहि एकाच घरचे पाहुणे आहेत, हें बहुतेकांच्या गांवीं नसतें. ह्यांखेरीज पुण्याजवळ सणसवाडीस कारखाना असलेल्या जॉन डीअरचा २८ अश्वशक्तींचा ट्रॅक्टर आहे, राजकोटचा ‘कॅप्टन’ आहे, सोनालिका आहे, मॅसी फर्ग्युसन आहे. सगळ्यांचीं नांवें मोजीत बसण्यांत अर्थ नाहीं.

नांवापेक्षां पहिला प्रश्न अश्वशक्तीचा. आणि फसगत होते ती येथेंच. छापील पत्रकावर जो आंकडा ठळक असतो, तो इंजिनाच्या शक्तीचा. शेतकऱ्याच्या उपयोगी पडते ती मात्र मागच्या फिरत्या दांड्यावर मिळणारी शक्ति. ह्या दांड्यास सर्वत्र ‘पी. टी. ओ.’ म्हणतात, फवारणीचा ब्लोअर, रोटाव्हेटर वगैरे अवजारें त्याच्यावर चालतात. इंजिनापासून दांड्यापर्यंत येतांना शक्तीचा कांहीं भाग गिअरांच्या घर्षणांत, पंख्यांत व तेलाच्या पंपांत खर्ची पडतो. हा खर्च सर्व यंत्रांत सारखा नसतो. कपाळीं एकच आंकडा मिरविणाऱ्या दोन ट्रॅक्टरांच्या दांड्यावर तीन-चार अश्वशक्तींचा फरक असूं शकतो. आणि एकूणच वीस-बावीस अश्वशक्तींचा प्रश्न असतां तीन-चार म्हणजे थोडक्या नव्हेत.

ब्लोअरच्या उदाहरणानें हें स्पष्ट होईल. ब्लोअरचा पंखा औषधाचे तुषार वाऱ्याच्या झोतानें पानांत घुसवितो. दांडा मिनिटास ५४० फेरे फिरावा, असा संकेत आहे. पंख्याचा एक धर्म असा कीं, त्याला लागणारी शक्ति फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणांत बदलते. ट्रॅक्टर कमजोर पडून फेरे दहा टक्क्यांनीं उतरले, म्हणजे ५४० चे ४८६ झाले, तर झोताची शक्ति दहा टक्क्यांनीं नव्हे तर सुमारे सत्तावीस टक्क्यांनीं घटते. बांधावर उभ्या असलेल्या माणसास पांढरा धूर तसाच दिसतो. पण पानांची खालची बाजू कोरडी राहते. द्राक्षावरील केवडा, ज्यास बागायतदार ‘डाऊनी’ म्हणतात, तो नेमका पानांच्या खालच्या बाजूनें बळावतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोंवळी फूट आली असतां दोन दिवस पाऊस लागला, तर मधल्या कांहीं तासांत फवारणी उरकावी लागते. ट्रॅक्टर अपुरा असेल तर औषध जातें, डिझेल जातें, आणि बागहि जाते. म्हणून ब्लोअर चालवावयाचा असेल तर पंधरा अश्वशक्तींच्या यंत्राकडे किमतीसाठीं वळूं नये; चोवीसच्या खालीं उतरणें धोक्याचें. उलट उसाची भरणी, भाजीपाल्याची कोळपणी, तीन फुटी रोटाव्हेटर आणि घरची लहान ट्रॉली एवढेंच काम असेल, तर पंधरा पुष्कळ झाले.

हीच शक्ति दोन यंत्रें दोन रीतींनीं कशी काढतात, तेंहि पाहण्यासारखें आहे. महिंद्रांच्या ‘जीवो २४५’ चें इंजिन दोन सिलिंडरांचें, १३६६ घनसेंटिमीटरांचें व मिनिटास २३०० फेऱ्यांचें. कुबोटाच्या ‘बी २४४१’ चें तीन सिलिंडरांचें, ११२३ घनसेंटिमीटरांचें व २६०० फेऱ्यांचें. दोन्ही चोवीस अश्वशक्तींचीं. शक्ति म्हणजे पीळ गुणिले फेरे. तेव्हां मंद फिरणाऱ्यास तेवढ्याच शक्तीसाठीं प्रत्येक फेऱ्यास सुमारे एक-अष्टमांश अधिक पीळ द्यावा लागतो. म्हणून तें अधिक जोरकस, असा निष्कर्ष विक्रेते काढतात. तो अर्धाच खरा आहे. कारण गिअरांची योजना निराळी करून हा फरक चाकांपाशीं भरून काढतां येतो. खरा भेद चालकाच्या अंगास जाणवतो. तीन सिलिंडरांचें इंजिन कमी हादरतें. दिवसाचे आठ तास बसणाऱ्याच्या कंबरेस तें सुखाचें. एका सिलिंडराचें इंजिन थडथडतें, पण त्याला पिस्टन एक, नोझल एक. तालुक्याचा कोणताहि मिस्त्री तें डोळे मिटून खोलतो. बसणारा घरचा तरुण मुलगा आहे कीं रोजावरचा गडी, ह्यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. रोज नवा गडी येत असेल, तर ज्यांत बिघडण्यासारखें थोडें आहे, तें यंत्र बरें.

उचलण्याच्या ताकदीचा आंकडाहि असाच जपून वाचावा. वर उल्लेखिलेल्या दोन्ही यंत्रांची लिफ्ट ७५० किलो उचलते. जॉन डीअरच्या २८ अश्वशक्तींच्या यंत्राची ९१० किलो. हें माप खालच्या दोन दांड्यांच्या टोंकाशीं घेतलेलें असतें. अवजाराचें वजन त्या टोंकाच्या मागें दोन फूट लोंबत असेल, तर लिफ्ट तेवढें उचलीत नाहीं. ब्लोअरच्या टांकींत ६०० लिटर पाणी भरलें म्हणजे ६०० किलो तेंच झालें. पंखा, पंप व सांगाडा ह्यांचे दोनशें-अडीचशें किलो वेगळे. म्हणजे ही टांकी छोट्या ट्रॅक्टराच्या पाठीवर टांगण्यासारखी नाहीं. ती स्वतःच्या चाकांवर ओढीत न्यावी लागते. ओढीत न्यावयाची म्हणजे ट्रॅक्टर व टांकी मिळून लांबी वाढते आणि ओळीच्या टोंकाशीं वळण्यास अधिक जागा लागते. ज्यानें बांधापर्यंत वेल लावले आहेत, त्याला ही गोष्ट खरेदीनंतर कळण्यापेक्षां आधीं कळलेली बरी. पाठीवरच टांगावयाची असेल तर टांकी लहान घ्यावी आणि पुढें वजनें बांधावीं.

चारी चाकांना गति असावी कीं मागच्या दोनांनाच, ह्यावर गांवोगांव दोन पक्ष आहेत. काळ्या जमिनींत, विशेषतः पाऊस उघडल्यावर चार-सहा तासांत ज्याला बागेंत शिरावें लागतें त्याच्यासाठीं, चार चाकांचा पक्ष निःसंशय खरा. हलक्या ट्रॅक्टराच्या मागच्या चाकांवर भार मुळांतच थोडा. पुढच्या चाकांवरचा भार ओढीच्या कामीं न लावणें म्हणजे निम्मे बैल गोठ्यांत बांधून ठेवण्यासारखें आहे. मात्र त्यांत एक मेख आहे. पुढचीं व मागचीं चाकें दांत्यांनीं एकमेकांशीं बांधलेलीं असतात. त्यांच्या घेरांचें प्रमाण कारखान्यानें ठरविलेलें असतें. पुढचे टायर झिजल्यावर कोणी स्वस्तांत मिळालेले भलत्याच मापाचे टायर चढविले, तर पुढचीं आणि मागचीं चाकें एकमेकांशीं झगडूं लागतात आणि पुढच्या आंसाचे दांते जातात. कठीण रस्त्यावर ट्रॉली नेतांना पुढची गति सोडवून ठेवावी, तीहि ह्याच कारणासाठीं. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनींत भाजीपाला करणाऱ्यास दोन चाकांची गति पुरते; उगाच लाख-सव्वा लाख अधिक घालण्याचें कारण नाहीं. नागपूरकडील संत्र्याच्या बागेंत तर झाडांमधील अंतरच वीस फुटांच्या आसपास असतें. तेथें अरुंद यंत्राचा आग्रह कशासाठीं, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कोंकणांतील भाताच्या लहान चोंड्यांत ट्रॅक्टरापेक्षां पॉवर टिलरच अधिक शहाणपणाचा.

रुंदी, उंची, वळण हीं मापें पत्रकावरून न घेतां बागेंत जाऊन टेपानें घ्यावींत. मांडवाच्या सर्वांत खालच्या तारेची उंची, अगदीं अरुंद ओळ, आणि बांधाशीं मोकळी असलेली जागा, हे तीन आंकडे कागदावर लिहून जो गिऱ्हाईक विक्रेत्याकडे जातो, त्याच्याशीं विक्रेतादेखील निराळ्या रीतीनें बोलतो. दिवे, रंग, खुर्चीचें कापड, फोन लावण्याची सोय वगैरे गोष्टींविषयीं येथें कांहीं सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

निःपक्षपाती आंकडे कोठें मिळतील? मध्य प्रदेशांत बुधनी येथें केंद्रसरकारची शेतीयंत्रांच्या परीक्षेची संस्था आहे. तेथें दांड्यावरील शक्ति, डिझेलचा खप, ओढ, लिफ्ट, ब्रेक, आवाज, हादरे आणि अंतर्भागाची झीज ह्यांची ठराविक पद्धतीनें परीक्षा होते व अहवाल छापला जातो. विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. तो दाखविण्यास टाळाटाळ होत असेल, तर तेंहि एक उत्तरच समजावें. अहवाल रुक्ष असतो. पण शहरांत राहणाऱ्या शिकलेल्या भावानें घरच्या शेतीस करावयाची मदत म्हणजे बँकेंत सही करण्याइतकीच हे पन्नास पानांचे तक्ते शांतपणें वाचण्याची आहे. दोन यंत्रांचे अहवाल शेजारीं ठेवून दांड्यावरील शक्तीची आणि त्या शक्तीस लागणाऱ्या डिझेलची ओळ तेवढी ताडून पाहिली, तरी निम्मा वाद मिटतो.

डिझेलच्या बचतीवर मात्र फार भर देऊं नये. समजा, दोन यंत्रांत तासाला पाव लिटराचा फरक पडतो. वर्षाकांठीं ४०० तास काम झालें, तर शंभर लिटर. नव्वद रुपये भावानें नऊ हजार रुपये. रक्कम लहान नाहीं. परंतु ऑक्टोबरांत, वर सांगितलेल्या त्या पावसाच्या उघडिपींत, क्लच-प्लेट गेली आणि ती जिल्ह्याच्या गांवाहून येण्यास चार दिवस लागले, तर जें नुकसान होईल, त्यापुढें दहा वर्षांची डिझेल-बचत फिकी पडेल. म्हणून छोट्या ट्रॅक्टराच्या निवडींत यंत्राच्या खालोखाल, पुष्कळदा यंत्राच्याहि आधीं, विक्रेत्याची परीक्षा केली पाहिजे. ती शोरूममध्यें होत नाहीं. मागच्या दारानें कार्यशाळेंत जाऊन होते. क्लच-प्लेट, फिल्टर, पाण्याच्या पंपाचें सील, नोझल, पुढच्या आंसाचीं सीलें हे भाग कपाटांत आज आहेत काय? मिस्त्री किती, आणि त्यांतला ह्या विशिष्ट यंत्राचें शिक्षण घेतलेला कोणता? छाटणीच्या हंगामांत तो रविवारीं बांधावर येतो काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें विक्रेत्यापेक्षां त्याच गांवांतील, तेंच यंत्र तीन वर्षें वापरलेला शेतकरी अधिक खरीं देईल. ज्या रंगाचे पंचवीस ट्रॅक्टर पंचक्रोशींत आहेत, त्या रंगाचा सुटा भाग पानाच्या टपरीशेजारींहि मिळतो. जो एकुलता एक आहे, त्याचा मालक कागदोपत्रीं कितीहि श्रेष्ठ यंत्र बाळगीत असला तरी बिघाडाच्या दिवशीं एकटाच असतो. परंपरेनें चालत आलेली ‘आमच्याकडे तांबडाच’ ही निष्ठा वरवर आडमुठी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढले, तेव्हां लोखंडानें जमीन नासते म्हणून शेतकरी ते घेण्यास धजत नसत. ती निष्ठा खरोखरच आडमुठी होती. रंगाच्या निष्ठेंत मात्र सुट्या भागांचा हा व्यवहार पुष्कळदा दडलेला असतो.

कंपनीच्या दीर्घायुष्याचाहि विचार ह्याच सदरांत येतो. पुण्याची फोर्स मोटर्स कंपनी बागांसाठीं ‘ऑर्चर्ड मिनी’ नांवाचा चांगला परिचित ट्रॅक्टर करीत असे. २०२४ सालच्या मार्चअखेर तिनें ट्रॅक्टरांचा व्यवसाय थांबविला. मोटारी करणाऱ्या मोठ्या कंपनीच्या हिशेबांत तो एक लहान निर्णय; पण दहा वर्षें चालवावयाच्या हिशेबानें ज्यानें यंत्र घेतलें, त्याला पुढच्या दहा वर्षांच्या सुट्या भागांची विवंचना. उलट दिशेचाहि बदल घडतो : कुबोटानें २०२२ सालीं एस्कॉर्ट्स कंपनीचा ताबा घेतला, आणि परदेशीं म्हणून जिच्याकडे संशयानें पाहत, तिचें येथलें बूड भक्कम झालें. पांच-सहा वर्षांच्या हमीची भाषा आतां बहुतेक सर्व कंपन्या बोलतात. त्या हमींत क्लच, टायर, बॅटरी, रबरी भाग येतात कीं नाहीं, आणि नेमलेल्याच कार्यशाळेंत वेळच्या वेळीं देखभाल न केल्यास ती उरते कीं नाहीं, हें बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें. तेवढें वाचावें.

आतां पैशाचा प्रश्न. एका सिलिंडराचा १५ अश्वशक्तींचा ट्रॅक्टर साधारण तीन-साडेतीन लाखांच्या घरांत जातो. चार चाकांच्या गतीचा, २४ ते २८ अश्वशक्तींचा पांच-सहा लाखांपासून आठ लाखांपर्यंत. २०२५ सालच्या २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरावरील वस्तु-सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळें किमती कांहींशा उतरल्या. सरकारी अनुदान घ्यावयाचें असेल तर ‘महाडीबीटी’ वर अर्ज करून पूर्वसंमति हातीं आल्यावरच खरेदी करावी; आधीं ट्रॅक्टर आणून दसऱ्यास त्याची पूजा केली आणि मग अर्ज केला, तर अनुदानाचा हक्क जातो. पूजेचा मुहूर्त चुकूं नये म्हणून अनुदानाचा मुहूर्त चुकविणारीं घरें कमी नाहींत.

सही करण्यापूर्वीं एक लहानसा हिशेब मांडावा. समजा, ट्रॅक्टर सहा लाखांचा. दहा वर्षांनीं दोन लाखांस विकला जाईल. झीज वर्षास चाळीस हजार. सरासरी चार लाख रुपये त्यांत गुंतून राहतात. दहा टक्के व्याज धरलें तर आणखी चाळीस हजार. विमा, शेड वगैरेंचे दहा हजार. म्हणजे ट्रॅक्टर जागचा न हलतां वर्षास नव्वद हजार रुपये खातो. वर्षांत चारशें तास काम असेल, तर तासामागें हा बोजा २२५ रुपये पडतो. शंभरच तास असेल, तर ९०० रुपये. डिझेल, तेल आणि चालकाची मजुरी ह्याखेरीज. चार एकर द्राक्षबाग असलेल्या घरांत फवारणी, आंतरमशागत, शेणखताची वाहतूक मिळून तास भरतात. तीन एकर सोयाबीन आणि हरभरा करणाऱ्याकडे ते भरत नाहींत. तेथें शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्यानें आणणेंच स्वस्त. आणि भाऊ ‘मीहि भाड्यानें चालवीन’ असें म्हणत असेल, तर गांवांत असे ट्रॅक्टर आधींच किती आहेत, तें मोजावें. दोन-तीन भावांनीं मिळून एक घेण्याची कल्पना कागदावर गोड असते. फवारणीचा दिवस मात्र सर्वांचा एकच उगवतो.

हिशेब जमला आणि दोन यंत्रें मनांत राहिलीं, तर विक्रेत्यांकडे प्रात्यक्षिक मागावें. तें त्यांच्या गुळगुळीत पटांगणावर नव्हे, तर घरच्या शेतांत, घरच्याच अवजारानें. दोन्ही यंत्रें एकाच दिवशीं आलीं तर उत्तम. टांकी कांठोकांठ भरावी, दोन तास काम करून पुन्हां कांठोकांठ भरावी. जेवढें डिझेल मावलें तेवढा खप. त्यांत कोणाच्या शब्दावर विसंबण्याचें कारण उरत नाहीं. चाकांच्या घसरणीची परीक्षा तर ह्याहून सोपी. मागच्या चाकास खडूची खूण करावी आणि अवजार वर उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती जातो, तेथें काठी रोवावी. मग अवजार जमिनींत घालून तेवढेंच अंतर चालवावें व फेरे मोजावे. दहाचे बारा झाले, तर दर शंभर फेऱ्यांतील सुमारे सतरा फुकट गेले. दहा ते पंधरापर्यंतची घसरण शेतांत चालते. त्यापलीकडे डिझेल आणि टायर दोन्ही मातींत जातात. पाण्यानें भरलेली टांकी जोडून बांधाशीं एकदां वळून पाहावें, उतारावर ब्रेक दाबून पाहावा, आणि शेवटीं चालकास खालीं उतरवून त्याच्या हातांस मुंग्या आल्या आहेत काय, हें विचारावें.

घरांत बैलजोडी असेल तर ती त्याच आठवड्यांत विकून टाकण्याची घाई करूं नये. कपाशी गुडघ्याच्या वर गेल्यावर छोट्या ट्रॅक्टराचें पोट तिच्या शेंड्यांना घासूं लागतें, आणि त्या पंधरवड्यांत डवऱ्यास दुसरा उपाय नसतो.

ट्रॅक्टर दारांत आल्यानंतरचे पहिले पन्नास तास फार महत्त्वाचे. नवे दांते एकमेकांत बसतांना त्यांचा बारीक कीस तेलांत उतरतो. तें तेल व फिल्टर त्या सुमारास बदलावे लागतात. पुष्कळ घरांत ही पहिली देखभाल हंगामाच्या गर्दींत राहून जाते आणि हमीचा कागद तेथेंच निरुपयोगी होतो. मीटरावर पन्नासचा आंकडा येण्यापूर्वीं विक्रेत्याचा मिस्त्री आपण होऊन फोन करतो कीं त्याला चार वेळां बोलवावें लागतें, हें शहरांतील भावानें गांवीं विचारून घ्यावें. दुसऱ्या भावकींत त्याच रंगाचा ट्रॅक्टर घेण्याची वेळ येईल, तेव्हां ती माहिती कामीं येते.